दोन लाखांचा आवाज

काकडआरतीला आलेल्या भिमाबाईनं आधी पाहिलं. स्पीकर जागेवर होते, पण मधला अॅम्प्लिफायर गायब. जेवणाच्या डब्याएवढा, अन् किंमत दोन लाख!

दुसऱ्या दिवशी शालिग्राम महाराजांचं वर्षश्राद्ध. याच देऊळघाट गावात कीर्तनात उभ्याउभ्या त्यांनी देह ठेवला. ते शेवटचं कीर्तन गावाला ऐकवायचं, म्हणून त्यांचा मृदंगवादक गोकुळ यानं ते यंत्र बुलढाण्याच्या दुकानातून श्राद्धापुरतं आणवलं होतं. देवळाची चावी गोकुळजवळ. गावानं चोर ठरवूनही टाकला.

पोलीस जमादार छायाताई आल्या. कुलूप शाबूत. वायर नीट गुंडाळलेली. यंत्राला घातलेला झेंडूचा हार महाराजांच्या पादुकांवर वाहिलेला.

"दुसरी चावी?"

"घरी, खुंटीले," गोकुळ म्हणाला. आईबाप गेल्यावर तो महाराजांच्याच घरी वाढला होता; महाराजांच्या पत्नी अंबूबाईंना तो माय म्हणायचा.

"दुकानात सारखी किंमत काऊन विचारत होता?"

"परवडलं असतं तर मायसाठी कायमचं ठेवलं असतं, ताई. महाराज बाजूले बसल्यावानी वाटतात म्हणे. म्या अजून ऐकलं नाही. काल लावून पाह्यलं तवा मी वडनेर भोलजीले होतो."

"त्या दिवशी साथीले तूच होता?"

"हाव. त्यायनं हात वर केला, म्या लय चढवली. त्याच गजरात गेले." त्याचे डोळे भरले.

दुकानदार अविनाश घामाघूम होऊन आला.

"दोन लाख कायचे रे?" छायाताईंनी विचारलं. "लोखंड-तांबं कितीचं?"

"त्याचं कुठी, ताई! आतला माल थोडकाच. परदेशातून येते त्याची ड्यूटी, कंपनीचं नाव, मोजकेच नग. अन् आमचं कमिशन. गिऱ्हाईक वर्षातून दोन येतात, दुकान कायच्यावर चालवू?"

"मंग घेणारा येडाच."

"तसं नाही. भोंग्यात जे दबून जाते, ते याच्यात उघडं पडते. मृदंगाखालचा श्वाससुद्धा."

"काल कोणं ऐकलं?"

"एकट्या अंबूबाईनं. मी बाहेर वायर ओढत होतो. शेवटाले त्या उठूनच गेल्या. म्हणे, धुपानं डोळे चुरचुरतात."

"धूप होता?"

अविनाश थांबला. "नाही."

महाराजांच्या घरी अंबूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. छायाताईंनी दार लोटून घेतलं. गोकुळ बाहेर पोलिसांच्या जीपमध्ये मान खाली घालून बसला होता.

"माय, हार पादुकांवर वाहणारा चोर म्या पाह्यला नाही. हे यंत्र इथं विकत घेणारंही कोणी नाही. म्हणजे पैसा नको होता, आवाज बंद करायचा होता. कीर्तन तर गावभर मोबाइलात आहे. पण मोबाइलात जे येत नाही, ते याच्यात येते. अन् ते तुम्हीच ऐकलं. खुंटीवरची चावीही तुमच्याच हाताखाली. काय ऐकलं, माय?"

अंबूबाईंनी कोठीत हात घातला. ज्वारीतून यंत्राचा डबा वर आला.

"बुवाचा हात वर गेला की लय चढवाची, हा आमचा रिवाज. पोरानं तेच केलं. पण हात लयीसाठी नव्हता वं. मृदंगाखाली ते म्हणून राह्यले, 'गोकुळ, थांब रे. पाणी.' दोन खेपा."

छायाताई खाली बसल्या.

"अन् त्याले चोर म्हणू देता?"

"चोर चार दिवस म्हणतील. हे ऐकलं असतं, तर त्यानं जलमभर मृदंगाले हात लावला नसता." त्या उठल्या. "पण जीपमधी त्याले असा पाह्यवत नाही."

अंबूबाई डबा घेऊन ओट्यावर आल्या. सारं गाव उभं होतं.

"म्याच नेला," त्या म्हणाल्या. "इतका महागाचा आवाज मले सोसला नाही."

"काऊन माय? चांगला नाही वाटला?" गोकुळनं विचारलं.

"लय चांगला आहे रे बाबू. परत देऊन ये."

छायाताईंनी कागदावर काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुनाच भोंगा लागला. खरखरीतून महाराजांचा आवाज आला. गोकुळनं मृदंग मांडीवर घेतला आणि साथ धरली. लय चढली. गाव विठ्ठलनामात डोलायला लागलं.

तेवढ्यात अंबूबाई हळूच उठल्या अन् पादुकांपुढं पाण्याचा तांब्या ठेवून आल्या.