वाळुंजाच्या उलट्या काड्या

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, पण वारा पडला होता. अंगाला नुसता चिकटा. दार लोटून घ्या, मग सांगतो. माझ्या ओळखीच्या एका रोपवाटिकावाल्याची गोष्ट आहे. मंगळवारची रात्र.

त्याच्या घरामागून ओढा जातो. काठ ढासळत ढासळत न्हाणीच्या भिंतीपासून चार हातांवर आलेला. काठ धरायला वाळुंजासारखं झाड नाही. त्याच्या जाती पुष्कळ. टोपल्यांची लवचिक वेगळी, फांद्या लोंबणारी शोभेची वेगळी. काठाला आपली साधी, लांब पानांची बरी. काडी कापायची, पहारीने भोक पाडून ओल्या मातीत खोचायची, झालं. फक्त काडीचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, वर तोंड करून हवेत.

त्याच्या दादाला तेवढंच कधी जमलं नाही. नजर अधू, त्यामुळे काडी उलटी लागायची. एकदा हा वैतागून म्हणाला, "दादा, तू घरी बस. हात लावू नकोस." दादा घरी बसला. पुन्हा काठावर आला नाही. दोन वर्षांनी गेला.

पाऊस लागला की ओढा चढतो, काठावर पाय ठेवता येत नाही. म्हणून त्याच रात्री दोनशे काड्या लावायच्या होत्या.

बायको म्हणाली, "उद्या लावा की. काड्या काय पळून चालल्यात?"

"काड्या नाही. भिंत पळेल."

साडेअकराला निम्म्या झाल्या. पाठीचा पार भुगा. पहार पायाशी टाकून तो दगडावर बसला. बॅटरी मालवली.

खच्...

पलीकडे, त्याची ओळ संपली तिथे, मातीत पहार गेली.

खच्... खच्...

त्याने पायाशी चाचपलं. पहार तिथेच होती. गार.

आवाज पुढे सरकत होता. थांबून थांबून. आंधळ्याने लावावं तसा.

पळायचंही त्राण नव्हतं. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "दादा... डोळे वर ठेव. बोटाने चाचपून बघ."

शांत.



मग... खच्.

जाग आली ती पावसाने. उजाडलं होतं. उरलेल्या काड्यांची मोळी संपलेली. भिंत आजही उभी आहे, ते जाऊ द्या. त्याच्याकडे कलमं बांधायला येणाऱ्या शेजारच्या वहिनी छत्री धरून काठ न्याहाळत होत्या.

म्हणाल्या, "भावजी, रात्री हाताशी कोणाला घेतलं होतं? तुमच्या ओळीपुढच्या पंधरावीस उलट्या खोचल्यात. त्यानंतरच्या सगळ्या सुलट. मध्येच कोणीतरी नीट समजावून सांगितलेलं दिसतंय त्याला."