धबधब्याची लेव्हल

पोलादपूरच्या स्टँडवर इरावती महाडला घरी जायला एसटीत चढली ती छातीशी टीव्ही कवटाळून. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, हे तिलाही मान्य होतं. पण टीव्ही रखमाआजीचा होता, आणि रखमाआजीपुढे शोभण्या-न शोभण्याचा प्रश्न येत नसे. डोंगरावरच्या वाडीतून तो चौदा इंची डबा डोक्यावर घेऊन म्हातारी थेट कॉलेजच्या फाटकात येऊन उभी राहिली होती.

“गो इरा, बापाला सांग, चित्र बरा हाय, पन मान्सा हिरवी दिसतात.”

“आजी, तुझा मुलगा मुंबईहून नवा आणतोय ना?”

“नको मला. तो भिंतीला टांगायचा. त्याच्यावर गणपती ठेवता येत नाय.”

यावर भौतिकशास्त्राने टीव्ही उचलून छातीशी धरला.

एसटी पुण्याहून महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाट उतरून आली होती आणि गच्च भरली होती. कंडक्टरने टीव्हीकडे पाहिलं. “मॅडम, याचा तिकीट लागंल.”

“मांडीवर घेते की.”

“तुमाला बसायला जागा नाय, मांडी कुठून आनताव?”

“इकडे द्या,” खिडकीशी बसलेला एक जण म्हणाला. “माझी मांडी रिकामी आहे.”

त्याने टीव्ही घेतला. मग गाल फुगवून, डोळे घट्ट मिटून, टीव्हीवरच्या धुळीवर एक लांबलचक फुंकर मारली. ती धूळ शेजारच्या गृहस्थांच्या चष्म्यावर गेली, ते रागावले, त्याने माफी मागितली... इरावतीला यातलं काही ऐकू आलं नाही. अशी फुंकर मारणारा जगात एकच माणूस होता. आणि तो टीव्हीवर नाही, व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर मारायचा.

“वरद?”

त्याने वर पाहिलं. चष्मा आला होता, कपाळ जरा मोठं झालं होतं. हसू मात्र जुनंच होतं, डाव्या बाजूला आधी सुरू होणारं.

“इरा! टीव्ही कुणाचा आणलास?”

इतक्या वर्षांनी भेटून माणूस पहिला प्रश्न हा विचारतो, यावर दुसरी कुणी नाराज झाली असती. इरावतीला तो अगदी योग्य वाटला.

कारण त्यांचं सगळं बालपण दुसऱ्यांच्या टीव्हीवर गेलं होतं.

इरावतीचे वडील दत्तोपंत यांचं महाडच्या बाजारात टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दुरुस्त झालेला टीव्ही दोन तास चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हा त्यांचा कुळाचार. आता दोन तास बातम्या कोण बघणार? कुणीतरी दुरुस्तीला टाकून कायमचा विसरलेला एक व्हिडिओ गेम दुकानात होता. तो जोडून दोन पोरं समोर बसवली की तपासणी आपोआप होई. एक पोर घरचंच होतं. दुसरं समोरच्या बिल्डिंगमधल्या सरोजकाकूंचं.

गेममध्ये दोन जवान होते, एक निळ्या विजारीतला, एक लाल. शत्रूचं अख्खं सैन्य यांच्यावर तुटून पडलेलं, आणि यांच्या अंगात शर्टसुद्धा नाही. रोज टीव्ही वेगळा, म्हणून रोज युद्धही वेगळं. तलाठ्यांच्या टीव्हीवर जंगल जांभळं दिसे. एका टीव्हीत चित्र इतकं थरथरायचं की शत्रूच बिचारे थंडीने काकडतायत असं वाटायचं.

खरी परीक्षा धबधब्याच्या लेव्हलला. दगडावरून दगडावर उड्या मारत वर चढायचं. पण एक जण भराभर वर गेला की पडदाही वर सरकायचा, आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर पडून मरायचा. शत्रूने नाही, मित्राने मारलेला! इरावतीच्या रिमोटचं उडीचं बटण अडकायचं. गावाचे टीव्ही सुधारणाऱ्या बापाला ते बटण सुधारायला कधी सवड झाली नाही. म्हणून दोघांनी नियम केला होता – खालच्याने ‘थांब’ म्हणायचं, वरच्याने थांबायचं. वरद कुरकुरायचा, शत्रूच्या गोळ्या अंगावर घ्यायचा... पण थांबायचा.

मग बारावी झाली आणि वरद पुण्याला गेला. सुरुवातीला फोन आले, मग दिवाळीचे मेसेज, मग तेही राहिले.

नडगावच्या आसपास शेजारचे गृहस्थ चष्मा पुसत उतरले आणि इरावतीला जागा मिळाली. श्रावणातलं ऊन खिडकीतून येत होतं, आणि त्याच खिडकीतून पाऊसही.

“लग्न?” वरदने टीव्हीला विचारल्यासारखं विचारलं.

“काही जण बघून गेले. एकाने विचारलं, मला काय आवडतं. मी म्हटलं, हिरव्या माणसांचे टीव्ही. परत आला नाही. तुझं?”

“ठरलं होतं एकदा. तिला मी फार सावकाश वाटलो.”

“तू? सावकाश?”

“तुझीच शिकवण.” तो हसला. मग हसू मावळलं. “आईला न्यायला आलोय. घर सोडतोय इथलं. उद्या सकाळी टेम्पो सांगितलाय.”

“काकू तयार आहेत?”

“पुण्याच्या फ्लॅटला कबुतराची ढाबळ म्हणते. पण एकटी किती दिवस राहणार?”

इरावती खिडकीबाहेर बघू लागली. सरोजकाकू गेल्या, घर गेलं, म्हणजे वरदला महाडला यायचं काही कारणच उरणार नव्हतं. सणासुदीला तो आल्याचं तिला समोरच्या बिल्डिंगमधल्या उशिरापर्यंतच्या दिव्यावरून कळायचं. भेट व्हायची नाही, तरी. आता तेवढंही नाही.

टीव्ही पोचवायला दुकानात आलेल्या वरदला दत्तोपंतांनी नखशिखांत न्याहाळलं आणि डबा उघडला. तासाभरात माणसं माणसांच्या रंगाची झाली. मग म्हातारा स्टुलावर चढला आणि माळ्यावरून त्या व्हिडिओ गेमचा खोका काढला. मागच्या मोठ्या पुरात दुकानातलं बरंच गेलं होतं. माळा उंच म्हणून खोका वाचला.

“बसा. तपासणी व्हायचीय.”

“काका, मला सामान बांधायचंय.”

“तुझ्या घरचा टीव्ही दर आठवड्याला इथे यायचा. दर वेळी तीच एक वायर निघालेली. आपोआप निघालेली वायर आणि नखाने काढलेली वायर मला कळते. तेव्हा नव्हती तुला घाई?”

वरदचे कान लाल झाले. इरावतीने त्याच्याकडे पाहिलं. सरोजकाकू त्या टीव्हीच्या कंपनीला घालीत असलेल्या शिव्या तिला पाठ होत्या.

“तू काढायचास?”

“कॅसेट दे,” वरद म्हणाला आणि जरुरीपेक्षा कितीतरी लांब फुंकर मारली.

जंगल पार झालं. बोटांना सगळं आठवत होतं. मग धबधबा आला. वरदचा जवान सरसर वर निघाला. इरावतीचं बटण अडकलं. पडदा सरकला, तिचा जवान गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला.

“म्हण की,” वरद पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

“काय?”

“नियम आहे आपला. मी पुण्याला निघालो, त्या दिवशी स्टँडवर आली होतीस. गाडी सुटेपर्यंत मी दारात उभा होतो. कंडक्टर ओरडला. तू म्हणालीच नाहीस.”

“मला... मला वाटलं, नियम गेमपुरता आहे.” इरावती म्हणाली. “आणि तुला एवढं कळत होतं, तर न सांगता थांबायला काय झालं होतं?”

“न सांगता थांबायचं असं ठरलंच नव्हतं.”

भांडणाचं आणखी बरंच काही दोघांकडे शिल्लक होतं. तेवढ्यात वीज गेली. धबधबा आकसून एक पांढरा ठिपका झाला आणि विझला. बाहेर पावसाची सर आली होती. काळ्या काचेत दोघं शेजारी-शेजारी बसलेली दिसत होती, हातात रिमोट धरून, मोठी झालेली.

वरदचा फोन वाजला. अंधारात धडपडत त्याने तो उचलला आणि भलतंच बटण दाबल्यामुळे टेम्पोवाला भरत साऱ्या दुकानाला ऐकू आला.

“सायेब, उद्या सकाळच्याला टेम्पो लावू ना? का नाय?”

 वरदने काचेतल्या इरावतीकडे पाहिलं आणि वाट पाहिली. दारात उभं राहून पाहतात तशी.

इरावतीने अंगठ्याने ते अडकलेलं बटण एकदा दाबून पाहिलं.

“थांब,” ती म्हणाली.

“कोन बोलला?” फोनमधून भरत म्हणाला. “थांबू का?”

“तुला नाही रे,” वरद म्हणाला, “मला. टेम्पो नको लावू.” आणि फोन ठेवला.

“आणि काकू?” इरावतीने विचारलं.

“टेम्पो येणार नाही म्हटल्यावर तीच पेढे वाटेल. माझं काम लॅपटॉपवर असतं. तो कुठेही उघडतो.” मग विझलेल्या पडद्याकडे बघून, “...महाडात वीज असली तर.”

त्याचा हात अंधारात रिमोट शोधत आला. सापडला तो तिचा हात, आणि शोध तिथेच संपला.

कोपऱ्यात दत्तोपंतांनी मेणबत्ती लावली, ती आपल्यापुरतीच, आणि पाठ फिरवून बसले.

“इरा, तपासणी अर्धवट राहिली. रखमेला निरोप दे, टीव्ही एवढ्यात मिळत नाही. हिरवेपणा अजून गेलेला नाही म्हणावं.”