निळ्या गाडीतली खिडकी

काम तसं साधंच होतं. आईला कोल्हापूर दाखवायचं. तुम्ही म्हणाल, कागलच्या माणसांना कोल्हापूर काय दाखवायचं? खरं आहे. पण माझ्या आईचं, अक्काताईंचं, माहेर कोल्हापूरचं, आणि गेले आठ महिने तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मलासुद्धा ती पावणं म्हणायची. "पावणं, च्या घेणार न्हवं?" पोटच्या पोराला! मी तिच्यासमोर हसायचो आणि दुकानात येऊन खताच्या पोत्यांमागे रडायचो. डॉक्टर म्हणाले, जुन्या जागा दाखवून बघा. तिनं एकदा, फक्त एकदा, मला ‘अभिनंदन’ अशी नावानं हाक मारावी एवढंच मला हवं होतं. म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी तिचा हात धरून भवानी मंडपाजवळ शहर दाखवणाऱ्या गाड्या बघत उभा होतो.

गाड्या दोनच होत्या. एक मोठी, थंडगार, मऊ खुर्च्यांची; पण जेवण रात्री आठला. आम्ही जैन. आई जन्मात कधी दिवस मावळल्यावर जेवलेली नाही. नवरा विसरली, पोरगा विसरली, पण हे विसरली नाही. ती गाडी तिथेच बाद झाली.

दुसरी गाडी पुढे झाडाखाली उभी होती. लहान, निळी, जुन्या घाटाची. दारात पिराजी नावाचा उंच कंडक्टर होता.

"जेवान कवा असतंय?" मी विचारलं.

"दिवस मावळायच्या आत, पावणं. आमच्या गाडीत मावळल्यावर कुणीबी जेवत न्हाई."

मी इतका खूश झालो की पुढचं काही विचारलंच नाही. आमच्या लोकांची ही खोडच आहे. जेवणाची वेळ जुळली की सोयरीकसुद्धा अर्धी जमते. त्यानं माझा फोन नंबर लिहून घेतला आणि आईच्या हातात जेवणाचा डबा देऊन तिला खिडकीजवळ बसवलं.

आत वीसेक माणसं होती. सगळी म्हातारी. प्रत्येकाच्या मांडीवर डबा, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. उकळत्या गुळाचा वास येत होता. हंगाम संपलेला, भर शहरात गुऱ्हाळ कुठलं? मी म्हटलं, असेल कुणाच्या डब्यात काहीतरी.

गाडी सुटली. पिराजी पुढे उभा राहून हळू आवाजात सांगू लागला. "डावीकडं बघा… थेटर. खेळ आत्ताच सुटलाय."

डावीकडे पार्किंगची मोकळी जागा होती. पण सगळ्या माना एकदम वळल्या. आईचीही.

"किती गर्दी गं बाई!" ती हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"उजवीकडं टांग्यांचा अड्डा…"

तिथे पेट्रोलपंप होता. आईनं पदर नाकाला लावला. मग लिदीचा, भिजल्या गवताचा वास मलाही आला. तरी मी उतरलो नाही. आई हसत होती ना!

रंकाळ्यावर पोचलो तेव्हा सूर्य पाण्यावर हातभर होता. डबे उघडले. आई सावकाश जेवली, तोंड पुसलं, डबा बांधला. सूर्य हातभरच. मी घड्याळ बघितलं. सव्वाआठ.

"पिराजी… ह्यो दिवस…"

"मावळू देत न्हाई आमी," तो शांतपणे म्हणाला.

आई म्हणाली, "पाणी." बाटली रिकामी होती. मी तिला म्हटलं, "आणतो. बस हितंच." आणि उतरलो.

पाय जमिनीला लागला आणि बाहेर रात्र होती. दिवे लागलेले, भेळेच्या गाड्यांवर गर्दी. मागे वळलो, तर त्या निळ्या गाडीच्या काचांत अजून संध्याकाळचं पिवळं ऊन, आणि खिडकीत आई. मी दाराकडे धावणार, तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

"अभिनंदन, चल घरला. पाय दुखायल्यात माझं."

माझ्या मागे आई उभी होती. मी लहान पोरासारखा तिच्या गळ्यात पडलो, भर रस्त्यात. गाडी कधी गेली ते मी बघितलं नाही. खरं सांगू? बघायचंच नव्हतं मला.

घरी आल्यावर तिनं माझ्या बायकोला, सोनलला, नावानं हाक मारली. चौथीत मला कावीळ झाली होती ते सांगितलं. सोनल देवापुढे जाऊन किती तरी वेळ बसली. अशी रात्र आमच्या घरानं कैक दिवसांत बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"पावणं, पिराजी बोलतोय. तुमच्या आईस्नी न्यायला कवा येताय?"

"आई…" मी स्वयंपाकघराकडे बघितलं. ती पाठमोरी बसून भाजी चिरत होती. "आई घरात हाय."

"न्हाई ओ… हितं खिडकीला बसल्यात. उतरा म्हटलं तर आयकत न्हाईत. ल्योक पाणी आणाय गेलाय म्हणत्यात…"

मग फोनमध्ये आवाज आला. बारीक, दमलेला. तो आवाज मी पोटात असल्यापासून ऐकलेला.

"अभिनंदन… घावलं काय रं पाणी?"

स्वयंपाकघरातली विळी थांबली.

"कुणाचा फोन?" तिकडून विचारलं गेलं.

फोनवर कुणीतरी वाट बघत श्वास घेत होतं. इकडे आठ महिन्यांनी माझं नाव घेणारी आई होती.

"चुकीचा नंबर हाय," मी म्हणालो.

"मग ठेव की," ती म्हणाली. मागे वळूनही न बघता.

मी फोन ठेवला.