वीस सह्या

ओळखचोरी शाखेबाहेरच्या बाकावर शेजारच्या माणसानं माझ्याकडे पेन मागितलं, तशी मी पर्स छातीशी घट्ट धरली.

"पेनच मागितलंय हो," तो हसला. "आडनाव नाही."

हसू छान होतं. म्हणूनच मला शंका आली. तीन वर्षांपूर्वी अशाच एका गोड बोलणाऱ्या मैत्रिणीनं माझी फार्मसीची प्रमाणपत्रं, माझं नाव, माझी सही... सगळं उचललं आणि दुसऱ्या शहरात औषधाच्या दुकानात माझ्या नावानं उभी राहिली. चुकीची औषधं दिली तिनं, परवाना रद्द झाला माझा. तेव्हापासून आईनं "जेवलीस का?" विचारलं तरी मी म्हणते, "का विचारतेस?"

आता नवा कायदा आला होता. चोरावर खटला आणि माझ्यासारखीला भरपाई, शिवाय परवाना परत. फक्त त्या दुकानातल्या सह्या माझ्या नव्हेत, असं हस्ताक्षर तपासनिसानं लिहून द्यायला हवं होतं.

आत गेले, तर तपासनिसाच्या खुर्चीत तोच!

"वीस सह्या करा. पेन तुमचंच वापरा," तो म्हणाला. "डावखुऱ्या ना तुम्ही? पूर्वी सहीखाली दोन टिंबं द्यायचात."

याला कसं ठाऊक? मी मुकाट्यानं वीस सह्या ठोकल्या, पण मुद्दाम वेगळ्याच वळणाच्या. घे, कर आता नक्कल!

चार दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं.

"या वीस सह्या तुमच्या नाहीत," तो हळूच म्हणाला.

"माझ्याच आहेत!"

"चार महिने तुमची फाइल बघतोय मी. परीक्षेचे अर्ज, ग्रंथालयाची कार्डं... घाईत असलात की तुमची शेवटची रेघ वर उडते. वडील गेले त्या वर्षापासून टिंबं बंद झाली." त्यानं माझ्या वीस सह्यांचा कागद उचलला. "हे असंच पाठवलं, तर खोट्या तुम्हीच ठराल."

अतिशहाणपणा करून मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

"मग... पाठवणार?"

त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. "कायद्यात दुसरी संधी आहे."

"आधी तुमचं ओळखपत्र दाखवा."

त्यानं दाखवलं. दोन्ही बाजू. मी नंबर तळहातावर उतरवून घेतला, फोटो आणि चेहरा तीनदा ताडून पाहिला. तो हसला नाही, की त्यानं घाईही केली नाही. मग मी सह्या केल्या, माझ्या खऱ्या. विसाव्या सहीखाली हात आपोआप रेंगाळला आणि दोन टिंबं उमटली. तो त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मला लाजल्यासारखं झालं आणि त्याचा रागही आला.

"आता शेवटचा रकाना," तो म्हणाला. "अर्जदाराशी तपासनिसाचा काही संबंध आहे का?"

"नाही लिहा की!"

"तेच... हात लिहीत नाहीये." त्याचे कान लाल झाले होते. "'नाही' लिहिलं, तर सोमवारी परवाना तुमच्या हातात. 'आहे' लिहिलं, तर फाइल दुसऱ्या टेबलावर. महिना जाईल."

"हा नवा डाव आहे का तुमचा?"

"डाव असता, तर 'नाही' लिहून संध्याकाळी कॉफीला विचारलं असतं. आणि उद्या कुणी तुमच्या निकालावर बोट ठेवलं असतं."

तीन वर्षं मी दुकानाच्या त्या पांढऱ्या कोटासाठी झुरले होते. सोमवार चार दिवसांवर होता. मी तळहातावरचा नंबर पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस मला आवडला होता, बाकावर पेन मागितलं तेव्हापासूनच आवडला होता, आणि भीती त्याचीच वाटत होती.

"लिहा. आहे."

"नक्की?"

"नक्की कुठलं? संशय आहेच. महिनाभर रोज संध्याकाळी येऊन तपासणार आहे मी तुम्हाला."

तो टेबलावर काहीतरी शोधू लागला. मी पर्स उघडली आणि माझं पेन त्याच्यापुढे धरलं.

"घ्या," मी म्हणाले. "आणि परत नाही दिलंत तरी चालेल."