पाव फेरा

छत्री एकच होती आणि ती त्याने मोटरसायकलवर धरली होती. स्वतः मात्र नखशिखांत भिजलेला. एका हातात हँडल, दुसऱ्यात छत्री, चष्म्याच्या काचांवरून पाणी ओघळतंय आणि समोरचं काही दिसत नाहीये, अशा थाटात तो आमच्या वर्कशॉपमध्ये शिरला आणि थेट माझ्या पान्यांच्या ट्रेवर आदळला. सगळे पाने फरशीभर झाले.

"माफ करा," तो म्हणाला. भिंतीवरच्या कॅलेंडरला.

"मी इकडे आहे," मी म्हटलं.

त्याने चष्मा काढला, ओल्या शर्टाला पुसला, म्हणजे आणखी ओला केला, आणि डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं मी त्या वर्कशॉपमध्ये काम करत होते आणि नवं गिऱ्हाईक पुढे काय विचारणार ते मला पाठ होतं... मेकॅनिक कुठे आहेत?

"डावी बाजू शिंकतेय," तो म्हणाला. "उजवी बरी आहे. तुम्ही बघाल का?"

मी बघितलं. आधी त्याच्याकडे, मग गाडीकडे. आणि गाडी पाहिल्यावर पाने वेचायचे राहूनच गेले.

तशी गाडी कुठल्याच कारखान्यात झालेली नव्हती. दोन मोडक्या गाड्यांची मिळून एक केलेली. पेट्रोलची टाकी पत्रा ठोकून हाताने घडवलेली, मूळच्या एका कार्बुरेटरच्या जागी दोन बसवलेले, सीट मागच्या माणसासाठी चार बोटं जास्त लांब. त्याच्या वडिलांनी ती तरुणपणी बांधली होती. ते फिटर होते. लांब सीट त्याच्या आईसाठी. आई गेल्यावर गाडी उभी राहिली ती बारा वर्षं. आता वडिलांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते, दिसायला लागलं होतं, आणि एक दिवस ते म्हणाले, एकदा चालवायचीय रे.

"डॉक्टर दोन महिने नको म्हणालेत," तो म्हणाला. "तोवर मला ती पहिल्यासारखी करून हवीय. त्यांना सांगितलेलं नाही."

"चष्म्याचं दुकान का तुमचं?" मी विचारलं. त्याच्या खिशातून काच पुसायचा फडका डोकावत होता आणि तो तर चष्मा शर्टाला पुसत होता.

"कशावरून?"

"असंच."

तेव्हापासून तो आमच्याकडे चष्मेवाला झाला.

पहिल्या शनिवारी डाव्या कार्बुरेटरची झिजलेली सुई बदलली. दुसऱ्या शनिवारी रबराच्या जोडात चीर सापडली, तिथून चोरून हवा जात होती. तिसऱ्या शनिवारी मी दोन्ही कार्बुरेटर जुळवायला घेतले. दोन सिलिंडर, दोन कार्बुरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी गाते, नाहीतर एक राबतो आणि दुसरा नुसता बरोबर फिरतो. बाबांनी मला ते कानाने जुळवायला शिकवलं होतं. हातभर रबरी नळी, एक टोक कानात, दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी. डावीकडची सूं-सूं ऐकायची, उजवीकडची ऐकायची, आणि स्क्रू फिरवत फिरवत दोन्ही एक करायच्या.

"मला ऐकवाल?" त्याने विचारलं.

मी नळीचं टोक त्याच्या कानाला लावलं. नळी हातभरच, त्यामुळे तो इतका जवळ वाकला की साबणाचा वास पेट्रोलवर मात करून गेला. मी दुसरं टोक डावीकडे धरलं, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"डावा जरा... दमलाय," तो म्हणाला.

"चष्मेवाल्याच्या मानाने कान बरा आहे."

"आमच्यातही हेच असतं. डावा डोळा, उजवा डोळा. पाव नंबराचा फरक पडला तर माणसाचं दिवसभर डोकं दुखतं, आणि काय होतंय ते त्याला सांगताही येत नाही." मग त्याने हवेच्या स्क्रूकडे बोट केलं. "हा फिरवला तर काय होतं?"

"बाहेर काढाल तितकी हवा जास्त, पेट्रोल कमी. हात लावलात तर बोट मोडीन."

"कुठलं?"

"तुमच्या आवडीचं."

तो हसला. मी स्क्रूड्रायव्हर शोधू लागले, जो माझ्याच हातात होता. आत्या दाराशी चहा घेऊन उभी होती. तिने दोघांकडे पाहिलं, कप ठेवले आणि जाता जाता मला म्हणाली, "शनिवारी बरी वेणी नीट असते तुझी." त्याने ते ऐकलं. कान चांगलाच होता ना.

आता आमच्या वर्कशॉपची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. गाडी जुळली की बाबा प्रत्येक स्क्रूवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे, अर्धा स्क्रूवर, अर्धा कार्बुरेटरच्या अंगावर. स्क्रू जरा जरी हलला तर ठिपका फुटतो. आणि कुठला स्क्रू पूर्ण बसवून किती फेरे बाहेर काढलाय ते वहीत लिहायचे. ठिपका म्हणजे आमची सही. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून ठिपका मी द्यायची आणि फेरे मी सांगायची, ते फक्त लिहायचे. तरी जुनी गिऱ्हाइकं "बाबांना जरा बोलवा" म्हणायची. सहा वर्षं मी त्या एका वाक्याशी भांडले होते. आणि येत्या एक तारखेला बाबा सगळ्यांना बोलावून वर्कशॉप माझ्या हवाली करणार होते.

चौथ्या शनिवारी गाडी जुळली. अशी जुळली की टाकीवर पाण्याचा कप ठेवला तरी हलू नये. डावा दीड फेरा, उजवा दीड फेरा. मी नळी कानातून काढली आणि मला रडूच आलं... आता हा पुढच्या शनिवारी कशाला येईल?

"झाली?" त्याने विचारलं. त्याचाही चेहरा काही फार आनंदी नव्हता.

"जवळजवळ. तू जरा रेस दे —" मी जीभ चावली. "तुम्ही."

"तू चालेल," तो म्हणाला, कानापर्यंत लाल होऊन. "मला तर पळेल."

म्हणून मी ते केलं. तो रेस देत असताना मी डावा स्क्रू पाव फेरा बाहेर काढला. फक्त पाव. पाव फेऱ्याने गाडी बंद पडत नाही, सकाळी एखादी शिंक देते एवढंच. तो घाबरा होऊन येईल, मी दोन मिनिटांत नीट करीन आणि मग... मग मी म्हणेन, चल, आज दुकान लवकर बंद कर. सगळं ठरवलं होतं. वडील गाडी चालवायला अजून बरेच दिवस होते.

त्या पावणेदोन फेऱ्यांवर मी पिवळा ठिपका दिला. बाबांनी वहीतून मान वर केली. "डावा?"

"दीड," मी म्हटलं.

सहा वर्षांत पहिल्यांदा मी खोटं लिहवलं, तेही एका माणसाने परत यावं म्हणून. मला त्याची जराही लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर मजा वाटली.

तो परत आला, ठरल्याप्रमाणे शनिवारीच. गाडी टेम्पोत आडवी घातलेली होती.

आदल्या सकाळी हा अंघोळीला गेला असताना वडिलांनी किल्ली उचलली होती. त्यांना सगळं कळलं होतं. आपल्या गाडीचा आवाज कुठला माणूस ओळखत नाही? ते चौकापर्यंत मजेत गेले. तिथे वळताना त्यांनी मूठ पिळली आणि गाडी शिंकली, दुसऱ्यांदा शिंकली आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून येणाऱ्या गाडीने ब्रेक लावला, पण धक्का बसायचा तो बसलाच. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, जगतील चांगले, पण वॉकर घेऊन.

तो हे सगळं सरळ उभं राहून सांगत होता. धावपळीत त्याच्या चष्म्याची एक काच तडकलेली होती. बाबा पुढे झाले. गाडीपाशी खाली बसले, टॉर्च मारला आणि म्हणाले, "ठिपका फुटलाय."

मी वाकून पाहिलं. स्क्रूवरचा पिवळा अर्धा एका बाजूला, कार्बुरेटरवरचा अर्धा बरोबर समोरच्या बाजूला. कुणीतरी फिरवला होता. मी नव्हे.

"मी फिरवला, काका," तो म्हणाला. "बुधवारी. अर्धा फेरा."

"का?" बाबांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "गाडी एकदम नीट झाली होती. मला इकडे यायला काही कारणच उरलं नव्हतं. मला... मला तुमची मुलगी आवडते. हे नीट तोंडाने सांगायचं सोडून मी स्क्रू फिरवला. अर्ध्या फेऱ्याने नुसती खोकेल, असं मला वाटलं होतं."

अशी कबुली मी चार आठवडे मनातल्या मनात ऐकली होती, आणि ती आली ती ही अशी, तुटक्या आरशाच्या गाडीसमोर. आणि त्याचं बरोबर होतं. अर्ध्या फेऱ्याने नुसती खोकली असती.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि थरथरत्या हाताने स्क्रू आत बसवायला लागले. मोठ्याने मोजत. "एक... दोन... सव्वादोन." त्यांनी वही उघडली. "इथे दीड आहे. म्हणजे तुम्ही पाऊण फेरा फिरवलाय. अर्ध्याने गाडी बंद पडत नाही, पाऊणने पडते. निदान आता तरी खरं बोला."

"अर्धाच, काका. मी मोजून —"

आणि तो थांबला.

पाव नंबरावर पोट असलेला माणूस. त्याला हिशोब करायला वेळ लागला नाही. त्याची नजर वहीकडून ठिपक्याकडे गेली आणि ठिपक्याकडून माझ्याकडे आली. त्याला कळलं. मी किती फिरवला ते कळलं आणि का फिरवला तेही कळलं. एक क्षण, खोटं नाही सांगत, त्याच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. वडील हॉस्पिटलमध्ये आणि तरी. तो वाट बघत होता. फक्त दोन शब्द, पाव माझा. दोघांनी मिळून केलेला मूर्खपणा दोघांनी मिळून भोगला असता.

एक तारखेला चार दिवस होते. बाबा माझ्या ठिपक्यावर बोट ठेवून बसले होते.

मी खाली बघितलं.

"पाऊण असेल मग," तो हळू म्हणाला. "मोजण्यात चुकलं असेल माझं."

एक तारखेला सगळे जमले. बाबांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या, आत्याने डोळे पुसले, जुन्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मी छान हसले, असं नंतर सगळे म्हणाले.

त्याची गाडी मी तीन आठवडे उघडून बसले होते. हँडल सरळ केलं, आरसा बसवला, कार्बुरेटर धुऊन पुन्हा जुळवले. दीड आणि दीड. तो न्यायला आला तेव्हा बाबा जेवायला गेले होते. ती वेळ त्याने मुद्दाम निवडली होती की काय, मला माहीत नाही.

"पाव फेरा माझा होता," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग तू त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

तुम्ही. मला ते हातोडीसारखं लागलं.

"मी आत्ता सांगते बाबांना. येतीलच एवढ्यात, मी —"

"नका. आता सांगून माझे वडील काय उठून चालणार आहेत?" तो चष्मा पुसत होता, फडक्याने, नीट, आधी एक काच, मग दुसरी. "पाव फेऱ्याचा मला राग नाही हो. उलट... तुम्हीही तेच केलंत हे कळल्यावर मला किती बरं वाटलं, ते सांगायचीही लाज वाटते. पण नंतर तुम्ही खाली बघितलंत. रोज रात्री वडिलांना कूस बदलून देताना मला तेच दिसतं."

मला खूप काही म्हणायचं होतं. नळी, साबणाचा वास, 'तू' म्हटलेलं पळेल म्हणाला होतास ते. मी म्हटलं, "चालू करून बघा."

त्याने किक मारली. एका किकमध्ये सुरू झाली. डावा आणि उजवा एकच सूर. त्याने क्षणभर मान कलती करून ऐकलं, जसं नळी लावून ऐकलं होतं, आणि मान हलवली. सीटची मागची चार बोटं रिकामी घेऊन तो गल्लीच्या टोकाला वळला. गाडी एकदाही शिंकली नाही. त्यानंतरही कधी शिंकली नसणार, कारण तो परत कधी आला नाही.

याला तीन वर्षं झाली. वर्कशॉप चांगलं चाललंय. "बाबांना बोलवा" आता कुणी म्हणत नाही. बाबा दारातल्या खुर्चीवर बसतात आणि नवं गिऱ्हाईक आलं की त्याला पिवळा ठिपका दाखवतात.

"याला हात लावायचा नाही," ते सांगतात. "एक चष्मेवाला होता. माझ्या मुलीने इतकी सुंदर जुळवून दिलेली गाडी, आणि पठ्ठ्याने घरी जाऊन स्क्रू फिरवला. पाऊण फेरा. बापाला आयुष्यभराचं अधू करून ठेवलं."

गिऱ्हाईक च् च् करतं आणि कौतुकाने माझ्याकडे बघतं. अर्धा, बाबा, मला म्हणायचं असतं. त्याने अर्धाच फिरवला होता. दर वेळी म्हणायचं असतं.

मी नळी कानाला लावते आणि पुढच्या गाडीकडे वळते.