बांधावरचा श्वास

बसा, वीज यायला अजून वेळ आहे. ही गोष्ट माझ्या मेहुण्याची, लोनप्पनची. तो आमच्या गावच्या चर्चचा कप्यार. घंटा वाजवायची, दिवे लावायचे आणि अच्चन, म्हणजे फादर, प्रसाद घेऊन आजाऱ्याकडे निघाले की त्यांच्यापुढे कंदील धरून चालायचं, हे त्याचं काम. माणूस भित्रा नाही आणि दारूला शिवत नाही. तुम्ही नर्सिंगची पोरं हसणार, म्हणून आधीच सांगतो, ज्याला हसायचंय त्याने आत जाऊन झोपावं.

गेल्या फेब्रुवारीतला तिसरा मंगळवार. रात्री दीडच्या सुमारास लोनप्पनच्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर पांढरा चट्टा-मुंडू, आमच्या जुन्या बायकांची चोळी-लुंगी, घातलेली एक म्हातारी उभी होती. तोंड अंधारात. काही बोलली नाही, नुसतं कोळच्या पाणथळ भातशेतांपलीकडे, गावातल्या डेव्हिसच्या घराकडे बोट केलं. असं बोलावणं आलं की आमच्याकडे कोण, कुठली, विचारत बसत नाहीत. लोनप्पनला वाटलं, डेव्हिसच्या म्हाताऱ्या सासऱ्यांचं काही बरंवाईट असेल, ते तिथेच राहतात. त्याने अच्चनना, आमच्या पोळच्चनना, उठवलं.

डेव्हिसच्या आईबद्दल त्याच्या मनातही आलं नाही, कारण ती, आमची कोच्चुत्रेस्या अम्मच्ची, शहरातल्या इस्पितळात होती. तीन आठवडे श्वासाच्या यंत्रावर. धडधाकट असताना तिने सगळ्यांना बजावलं होतं, "माझ्या घशात नळ्या घालू नका. माझ्या पलंगावर मरू द्या, आणि कानात ईशो-मरियम-यौसेप म्हणा." आमच्यात जाणाऱ्याच्या कानात घरचं माणूस येशू, मरिया, योसेफ ही तीन नावं घेतं. पुढची वाट एकट्याने चालावी लागू नये म्हणून.

पहिल्या रात्री नळी घातली ते ठीकच होतं, बरी होईल असं डॉक्टरांनाही वाटलं होतं. पण मग शुद्ध कायमची गेली. सिस्टर दीना, डॉक्टर आणि ननही, त्यांनी डेव्हिसला समोर बसवलं. "मोने, बाळा, हे यंत्र आता तिला जगवत नाही, तिचं मरण लांबवतंय. ते काढणं म्हणजे मारणं नव्हे." पोळच्चननीही तेच सांगितलं, देव एवढं मागत नाही म्हणून.

डेव्हिस उसळला. "तुम्हाला सांगायला काय जातं, अच्चा? खून करू नको हे तुम्हीच शिकवलंत. आता बटण माझ्या शब्दावर बंद होणार, तुमच्या नाही." नावं घ्यायला आलेल्या मावश्यांना त्याने दारातून हाकललं. नावं घेतली म्हणजे आई जाणार, आणि आपणच तिला पाठवली असं होणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिने बापाविना वाढवलेला पोरगा तो. मला त्याचा राग यायचा, आणि कीवही यायची.

तर, बांधावरचा रस्ता खणलेला होता, म्हणून दोघं पायीच निघाले. पुढे लोनप्पन, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात घंटा. मागे अच्चन, गळ्यात प्रसादाची डबी. प्रसाद जवळ असताना वाटेत कुणाशी बोलायचं नाही, हा नियम. म्हातारी कंदिलाच्या उजेडाच्या जरा पुढे चाललेली. दोन्हीकडे भाताचं उभं पीक. वारा नाही.

अर्ध्या वाटेवर लोनप्पनच्या कानावर ते आलं.

फुस्स... टक्.

त्याला वाटलं, पाण्याचा पंप असेल. पण पंप मागे पडतो. हे पडेना.

फुस्स... टक्.

पुढूनच येत होतं. म्हातारीच्या छातीतून. श्वासाच्या यंत्राचा तो आवाज तुम्हाला माहीत आहे, वॉर्डात रोज रात्री ऐकता. लोनप्पननेही ऐकला होता, अम्मच्चीला बघायला गेला तेव्हा. त्याने मागे वळून पाहिलं. अच्चनचा चेहरा पांढरा पडला होता. विचारता येईना. थांबता येईना. लोनप्पनने घंटा वाजवली, नुसता आपला हात हलतोय का ते बघायला.

डेव्हिसच्या अंगणात म्हातारी दारापर्यंत गेली. दार बंद होतं. ती आत गेली.

लोनप्पनने कडी वाजवली. डेव्हिसने दार उघडलं. अंघोळीला आणि घटकाभर झोपायला तो त्या दिवशी घरी आला होता.

"काय झालं? कोण गेलं?"

"तुमच्याकडूनच बाई आली होती," लोनप्पन पुटपुटला. "सासऱ्यांना..."

"सासरे आत घोरतायत. कुठली बाई?"

मग त्यालाही ऐकू आलं. आतल्या खोलीतून. आईच्या खोलीतून.

फुस्स... टक्.

तिघंही दारात उभे राहिले. पलंग होता तसाच होता, आई इस्पितळात गेली त्या दिवसासारखा. वर कुणी नाही. आवाज उशीवरून येत होता. अच्चननी डबी टेबलावर ठेवली, मेणबत्ती लावली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"डेव्हिस, आई दमलीय."

"मी तिला मारू, अच्चा?"

"नाही. तिला जाऊ दे."

...

फुस्स... टक्.

डेव्हिस पलंगापाशी गुडघ्यांवर बसला.  मग त्याने फोन काढला.

"सिस्टर... नळी काढायची. मी येतोय. मी आल्यावर... माझ्यासमोर."

उशीवरून एक लांब श्वास आला. त्यात टक् नव्हतं. मग काहीच नाही.

उजाडायच्या आत ते इस्पितळात पोचले. सिस्टर दीनांनी गालावरच्या चिकटपट्ट्या सोडवल्या, नळी काढली आणि सगळं लोनप्पनच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकलं. डेव्हिसने आईच्या कानाशी तोंड नेलं आणि तीन नावं घेतली. परत घेतली. घेतच राहिला. अम्मच्ची थोडा वेळ स्वतःच्या बळावर श्वास घेत होती, मग थांबली. डेव्हिस हमसून हमसून रडला, पण लोनप्पन म्हणतो, त्याच्या डोळ्यांतली ती भीती गेली होती.

दुपारी तिला घरी आणलं, तिच्याच पलंगावर ठेवायला. डेव्हिसची बायको जिन्सी अभ्रा बदलायला आत गेली, आणि बाहेर येईना. लोनप्पन बघायला गेला. तिने उशी हातात धरली होती. अभ्र्यावर नळी चिकटवायच्या दोन पट्ट्या होत्या, त्यांना पांढरे केस चिकटलेले. अम्मच्ची त्या पलंगावरून उठून इस्पितळात गेली, तेव्हा तिला नळी लावलेलीच नव्हती.

जिन्सीने बोट लावलं. पट्ट्या अजून ओल्या होत्या.