तिसरी घागर

पहिली घागर खरोखरच निसटली होती.

नेवाशाजवळच्या त्या विहिरीत बहात्तरच्या दुष्काळात जेमतेम दोन पुरुष खोल पाणी उरलं होतं, तेही मातीच्या रंगाचं. पडलेलं भांडं काढायला मच्छिंद्रला बोलावत. तळाचा गाळ उठला की डोळ्यांचा उपयोग नसे. श्वास कोंडून तो बोटांनीच बघायचा. त्या दिवशी पितळेचा काठ लागला आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव... चांगुणा रंगनाथ.

तो वर आला तेव्हा रंगनाथची ती लेक कठड्यावरून वाकून बघत होती.

"खाली दिसतं का काई?"

"काईच न्हाई."

"मग सापडली कशी?"

"वाचली," तो म्हणाला. ती हसली, आणि त्याचं घरी जाणं लांबलं.

पंधरा दिवसांनी दुसरी घागर पडली.

"दोर कुजला," चांगुणा म्हणाली.

त्यानं दोराचं टोक निरखलं. "कुजलेला दोर असा सरळ तुटत न्हाई. विळ्यानं कापल्यावानी दिसतोय."

"मग द्या की चौकीत वर्दी."

त्याला पुढं बोलायचं होतं – पण पाण्याखाली शंभर आकडे दम धरणाऱ्या मच्छिंद्रचा तिच्यासमोर दहातच दम संपला.

मग कळलं, गुरुवारी राहुरीचे पाहुणे तिला बघायला येणार. तो रोज विहिरीवरून जाऊ लागला. कुणाचं काही पडेना.

बुधवारी निरोप आला. तिची आई छबूबाई कडाडत होती, "नवी कोरी घागर! आज बाजारातून नाव घालून आणली हिनं. मी अजून धड बघितली पन न्हाई." चांगुणा दोर धरून उभी होती. आज थट्टा नव्हती... नजर मातीत.

त्यानं बुडी घेतली. काळोख. गाळात रुतलेली घागर लागली. बोट अक्षरांवरून सरकलं – चांगुणा. पुढचं त्याला पाठ होतं. पण बोट अडलं. तिथं र नव्हता.

म... च्छिं... द्र.

छाती फुटायला आली, तरी त्यानं पुन्हा वाचलं.

"सापडली का रं?" तो पाण्यावर येताच छबूबाईनं वरून विचारलं.

"सापडली. खालीच ठेवलीय."

"आन् ती का?"

त्यानं तोंडावरचं पाणी निपटलं. "उद्या सकाळी आईला घेऊन तुमच्या घरी येतो, काकू. मग काढू. राहुरीच्या पावण्यांना तवर थांबवा."

चांगुणानं हातातला दोर हळूच पदराआड घेतला. त्याचं टोक सरळ कापलेलं होतं.